स्कायडायव्ह केल्यापासून डोकं दुखतंय, थांबायचं नाव नाही

हवेतला_ससा

नमस्कार मंडळी,

आरोग्याच्या धाग्यांवर मी एरवी नुसती वाचनमात्र असते, पण आता विचारल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही न्यूझीलंडला गेलो होतो. साउथ आयलंडला टँडम जंप (इन्स्ट्रक्टरला बांधून मारायची उडी) केली, १५,००० फुटांवरून. उडी झकास झाली, त्याबद्दल काही म्हणणं नाही. छत्री उघडताना मात्र मानेला असा हिसका बसला की खालचे दात वरच्यांवर आपटले. उतरले तेव्हा कानांना दडे बसलेले, मान आखडलेली. संध्याकाळी डोकं दुखायला लागलं. म्हटलं, दमणूक असेल, झोपले की जाईल.

ते आजतागायत गेलेलं नाही. तिसरा आठवडा चालू आहे. पुण्यात आल्यावर फॅमिली डॉक्टरांनी मायग्रेन म्हणून गोळ्या दिल्या. कान-नाक-घसावाल्यांनी सायनस तपासले, साफ आहेत. चष्म्याचा नंबर तोच आहे. बीपी नाही, शुगर नाही, वय ३८, आणि याआधी मायग्रेन म्हणजे काय हे मला माहीतसुद्धा नव्हतं. दुखतं ते मानेच्या वरच्या टोकापासून मागच्या बाजूला, कधी कधी डोळ्यांच्या मागे. ऑफिसात दुपारी चारनंतर खुर्चीत बसवत नाही.

नवऱ्यानेही त्याच विमानातून उडी मारली, तो ठणठणीत आहे. आई म्हणते दृष्ट लागली, सासूबाई म्हणतात पित्त. कोणाला असा अनुभव आहे का?

चकलीचा_काटा

पित्तच असणार. परदेशात जेवणाच्या वेळा पाळल्या जात नाहीत. मोरावळा घ्या आठवडाभर, उपाशीपोटी.

कट्ट्यावरचा_काका

चांगलं चालतं विमान सोडून बाहेर उडी मारायची आणि मग डोकं का दुखतं म्हणून विचारायचं! आमच्या वेळी बायकांना संसारातूनच एवढ्या उड्या माराव्या लागत की वेगळे पैसे भरायची गरज नव्हती.

दोरी_ओढ

काका, पुण्याच्याच शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, तीही आधी एकही सरावाची उडी न मारता. २०१८ मध्ये पटायाला नऊवारी नेसून मारली. पद्मश्री आहेत. तुम्ही कट्टा सांभाळा.

बॉस्टनची_बाकरवडी

ससा, माझं थोडं वेगळं होतं, तरी लिहिते. मी सर्दी असताना उडी मारली होती. फ्रीफॉल (छत्री उघडण्याआधीचं पडणं) सुरू झाला आणि भुवयांच्या वर कोणीतरी सुई खुपसावी तसं झालं. खाली आल्यावर नाक शिंकरलं तर रुमालावर रक्ताची रेघ.

कारण सरळ आहे. १५,००० फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या ५६ टक्क्यांच्या आसपास असतो. छत्री उघडते त्या ५,००० फुटांवर तो ८३ टक्के होतो. हा सगळा फरक एका मिनिटात अंगावर येतो. प्रवासी विमान उतरताना केबिनमधला दाब हळूहळू वाढवतात, मिनिटाला साधारण ३०० ते ५०० फूट उतरावं अशा बेताने, आणि तेवढ्यानेही लहान मुलं रडून गोंधळ घालतात. फ्रीफॉलमध्ये तुम्ही मिनिटाला १०,००० फूट उतरता. सर्दीने सायनसचं तोंड बंद असेल तर बाहेरचा दाब वाढतो, आतला कमीच राहतो आणि आतलं अस्तर ओढलं जातं. त्याला सायनस बॅरोट्रॉमा म्हणतात.

पण ते दुखणं कपाळावर आणि गालांवर असतं, आणि काही दिवसांत उतरतं. तुमचं मागे आहे आणि तीन आठवडे टिकलंय, शिवाय सायनस साफ. त्यामुळे हे माझ्यासारखं वाटत नाही.

कोकणकडा_२

१५,००० फुटांवर ऑक्सिजन कमी म्हणून दुखत असेल का? मला लेहला असंच झालं होतं.

दोरी_ओढ

लेहला तुम्ही उंचीवर मुक्काम करता, कोकणकडा. इथे विमान वर चढायला वीसेक मिनिटं, वर पोचलं की दार उघडतं आणि लोक बाहेर. उंचीमुळे दुखणारं डोकं खाली आल्यावर एका दिवसात थांबतं. तीन आठवडे नाही टिकत.

ससा, मी टेक्सासमध्ये असतो, स्कायडायव्हिंगचं लायसन्स आहे, बहुतेक वीकएंड विमानतळावरच जातात. तुमच्या 'हिसक्या'बद्दल लिहितो, कारण ट्रिपचे व्हिडिओ बनवणारे तो भाग कापून टाकतात.

टँडममध्ये दोन माणसांचं वजन असतं, म्हणून आधी एक छोटी छत्री मागे सोडतात. त्याला ड्रोग म्हणतात. त्याने वेग ताशी १९०-२०० किलोमीटरवर राहतो. मग ५,०००-५,५०० फुटांवर मुख्य छत्री. ती एकदम फाडकन उघडू नये म्हणून दोऱ्यांवर कापडाचा एक चौकोन असतो, स्लायडर. तो हवेला अडवत अडवत खाली सरकतो आणि छत्री तीन-चार सेकंद घेत फुलते. तेवढ्यात वेग ताशी वीसेक किलोमीटरवर येतो. तोवर तुम्ही पोटावर आडवे असता. छत्री धरते तसे पाय खाली झुलतात आणि शरीर उभं होतं. धड पट्ट्यांनी आवळलेलं असतं, डोकं मोकळं असतं. म्हणून सगळा झटका मानेला.

कधी कधी छत्री नेहमीपेक्षा जोरात उघडते. घडीतला फरक, स्लायडर लवकर उतरणं, त्या क्षणी अंग तिरकं असणं, कारणं पुष्कळ. सगळं नियमात असूनही होतं. आमच्याकडे जुन्या खोडांपैकी अर्ध्यांची मान कुरकुरते. ज्याला असा हिसका बसला त्याला आम्ही दोन गोष्टी विचारतो: हाताला मुंग्या येतात का, आणि डोकं दुखतं का. दोन्हींपैकी एकाला 'हो' आलं की त्या दिवशी पुढची उडी बंद आणि डॉक्टर.

उडी मारणाऱ्यांच्या डोकेदुखीतल्या नव्वद टक्के तक्रारी मात्र साध्याच असतात, हा माझा अंदाज, आकडेवारी नव्हे. सकाळपासून भीतीने काही खाल्लेलं नसतं, पाणी प्यायलेलं नसतं, गॉगलचा पट्टा करकचून बांधलेला, आणि उतरल्यावर अंगातलं अ‍ॅड्रेनालिन ओसरतं. जेवून झोपलं की संपलं.

नस्ती_उठाठेव

मान आखडली आहे ना? आमच्या गल्लीत एक न्हावी आहे, दाढी झाली की डोक्याला तेल चोपडतो आणि मान दोन्हीकडे अशी कडाकड मोडतो की तीन दिवस हलकं वाटतं. एकदा जाऊन बघा. म्हणजे तुम्ही नाही, पण बायकांसाठीही कोणी असेलच.

न्यूरॉन_नाशिक

थांबा. मान कोणाकडूनही मोडून घेऊ नका. न्हावी नको, मालिशवाली नको, यूट्यूब बघून नवरा तर अजिबात नको.

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे इथे निदान करणार नाही. चार प्रश्न विचारते, त्यांची उत्तरं लिहा.

सकाळी डोळे उघडल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी, डोकं दुखतं का? दुखत असताना उशीशिवाय सपाट झोपलात तर किती वेळात काय फरक पडतो? दुखणं एकाच बाजूच्या मानेत आहे का, आणि पापणी खाली आलेली, बाहुली लहान झालेली, दोन दोन दिसणं, बोलताना अडखळणं, यातलं काही कोणाच्या लक्षात आलंय का? आणि आत्तापर्यंत आठवड्यातून किती दिवस वेदनाशामक गोळी घेताय?

हवेतला_ससा

डॉक्टर, मनापासून आभार.

अंथरुणात असताना दुखत नाही. उठून दात घासून चहा टाकेपर्यंत जरा बरं असतं, मग मानेतून चढायला लागतं. ऑफिसच्या दुपारच्या सुट्टीत मी हल्ली प्रार्थनेसाठी ठेवलेल्या खोलीत सतरंजी टाकून आडवी होते. दहा-पंधरा मिनिटांत इतकं उतरतं की वाटतं उगाच सुट्टी घेतली. उठले की अर्ध्या तासात पुन्हा तेच. कान अजून दडपलेले आहेत, आणि स्वतःचाच आवाज आत घुमतो.

एका बाजूला नाही, मधोमध आहे. पापणी वगैरे नवऱ्याने टॉर्च घेऊन बघितली, सारखी आहे म्हणतो. गोळी जवळजवळ रोज. फरक शून्य. कॉफीने मात्र थोडा वेळ बरं वाटतं.

हे सगळं मी कोणालाच सांगितलं नव्हतं कारण कोणी विचारलंच नव्हतं. सगळे 'कुठे दुखतं' विचारतात.

न्यूरॉन_नाशिक

आता सविस्तर लिहिते, कारण हा धागा पुढे शोधून वाचणारे असतील.

मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू एका पाण्यासारख्या द्रवात असतात. एका वेळी तो साधारण १५० मिली असतो, आणि शरीर रोज ५०० मिलीच्या आसपास नवा तयार करतं. मेंदूचं वजन सुमारे १,४०० ग्रॅम, पण या द्रवात तरंगत असल्यामुळे त्याचा भार ५० ग्रॅमच्या आसपासच राहतो. मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला, विशेषतः नसा बाहेर पडतात तिथे, बारीकशी चीर गेली तर द्रव पाझरतो. मग माणूस उभा राहिला की मेंदू खाली ओढला जातो आणि त्याची आवरणं ताणली जातात. ती ताणली की दुखतं. आडवं झालं की ताण जातो, दुखणं जातं. कान दडपणं, मान धरणं, मळमळणं हे सोबत येतं. दिवस चढेल तसं वाढतं. कॉफीने थोडा आराम पडणं हेही या चित्रात बसतं.

ही चीर पडायला मोठा अपघात लागत नाही. जोरात खोकला, जड बॅग उचलणं, रोलरकोस्टर, मानेला बसलेला हिसका, एवढं पुरतं. काहींना तर कारण आठवतही नाही. यांपैकी कित्येकांना महिनोन् महिने मायग्रेन, सायनस किंवा सर्व्हायकल स्पाँडिलोसिसची औषधं चालू असतात, कारण तपासणीच्या टेबलावर ते आडवे असतात आणि तेव्हा त्यांचं डोकं दुखतच नसतं.

ससा, याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टना दाखवा आणि पहिलंच वाक्य हे सांगा: 'आडवं झालं की थांबतं, उभं राहिलं की सुरू होतं, आणि हे अमुक तारखेच्या उडीपासून आहे.' मेंदूचा एमआरआय कॉन्ट्रास्टसह (शिरेतून औषध सोडून) करतील, बहुधा मणक्याचाही. साध्या सीटी स्कॅनमध्ये हे निसटू शकतं. आणि लक्षात ठेवा, अशा रुग्णांपैकी साधारण पाचात एकाचा मेंदूचा एमआरआय नॉर्मलच येतो. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणं खोटं, असं होत नाही.

पापणीचं विचारलं ते दुसऱ्या शंकेसाठी. मानेच्या हिसक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या आतल्या थराला चीर पडू शकते. तिथे गुठळी होते आणि काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी, स्ट्रोक येतो. तरुण माणसांच्या स्ट्रोकचं हे एक महत्त्वाचं कारण आहे. मानेत एकाच बाजूला, आधी कधी न झालेलं दुखणं, सोबत त्या बाजूची पापणी उतरलेली आणि बाहुली लहान, असं दिसलं तर धागा काढत बसायचं नाही, थेट इमर्जन्सीत जायचं. न्हाव्याला मी एवढी का घाबरते ते आता कळेल. मान मोडल्यानेही हीच चीर पडते, आणि आधीच पडलेली असेल तर विचारायलाच नको.

गोळ्यांचं: साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळीच डोकेदुखी देऊ लागते. तुम्ही त्या वाटेवर आहात.

नस्ती_उठाठेव

बापरे. न्हाव्याकडची पुढची फेरी रद्द.

मणका_आणि_मी

डॉक्टरांच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी फिजिओ आहे, एक भर घालते. मानेच्या वरच्या सांध्यांतून येणारी डोकेदुखीसुद्धा हिसक्यानंतर पुष्कळांना होते आणि तीही बसून-उभं राहून वाढते, त्यामुळे गल्लत होते. पण ती बहुधा एका बाजूला असते, मान ठरावीक दिशेला वळवली की उमटते, आणि झोपल्यावर दहा मिनिटांत पुसली जात नाही. उशी चुकली तर उलट सकाळीच जास्त असते. तिला व्यायामाने फायदा होतो. गळतीच्या रुग्णाला मात्र मान ओढणं, ट्रॅक्शन, पोटाचे व्यायाम हे काहीही निदान होण्याआधी देऊ नये.

हवेतला_ससा

अपडेट देते.

न्यूरॉलॉजिस्टना ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मला पंचवीस मिनिटं उभं ठेवलं, मग आडवं केलं, आणि दोन्ही वेळा दुखणं दहापैकी किती ते लिहून घेतलं. एमआरआयमध्ये मेंदूभोवतीची आवरणं कॉन्ट्रास्टने उजळून दिसली, मेंदू किंचित खाली सरकलेला, आणि पाठीच्या मधल्या भागात आवरणाबाहेर पाणी. नेमकी चीर कुठे, ते दिसलं नाही.

आधी सक्तीची विश्रांती, पाणी, कॉफी. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात अंथरुणात कॉफी आणून दिली, त्याची इथे नोंद करून ठेवते. तेवढ्याने भागलं नाही म्हणून ब्लड पॅच केला. हाताच्या नसेतून माझंच रक्त काढलं, वीसेक मिली, आणि कमरेपाशी मणक्यातल्या आवरणाच्या बाहेरच्या जागेत हळूहळू सोडलं. पाठीत आणि मांडीत जडजड दाब जाणवला, फार दुखलं नाही. नवरा सगळ्यांना फोनवर 'पंक्चर काढलं' एवढंच सांगतोय.

गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी डोकं पुन्हा दुखायला लागलं, पण उलटं! आडवं झालं की कपाळावर दुखायचं, बसलं की बरं. मी घाबरून फोन केला. डॉक्टर म्हणाले, गळती थांबली की काही जणांना दाब उलट वाढतो, चांगलं लक्षण समजा, डोकं उंच ठेवून झोपा. एक गोळी दिली. आता तेही ओसरत आलंय. काल सलग संध्याकाळपर्यंत बसले.

सहा आठवडे वाकणं, उचलणं, कमरेत पिळणं बंद. घरातले माळे साफ करायचे होते, ते आता कोण करणार ते उघड आहे.

बॉस्टनची_बाकरवडी

वा! नवऱ्याला माळ्यावर चढवा, तसाही त्याला उंचीची सवय आहे.

कट्ट्यावरचा_काका

बरं वाटलं वाचून. पोरी, कॉफी सोडू नकोस.

कोकणकडा_२

अवांतर होईल, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. मुलगा आणि त्याचे मित्र दुबईला चाललेत. सकाळी स्कुबा आणि दुपारी स्कायडायव्ह असं एकाच दिवशी ठरवलंय. चालेल ना?

दोरी_ओढ

नाही चालणार. पाण्याखाली दाबामुळे अंगात नायट्रोजन विरघळतो, वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. तेवढ्यात १३,००० फुटांवर गेलात तर बुडबुडे होतात. स्कुबानंतर साध्या प्रवासी विमानासाठीही एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि जास्त डुबक्यांनंतर १८ तास थांबायला सांगतात, आणि त्या विमानाच्या केबिनमधला दाब फार तर ८,००० फुटांवरचा असतो. उडीच्या विमानाला तर दारच उघडं. पूर्ण दिवस मध्ये जाऊ द्या, किंवा क्रम उलटा करा: आधी उडी, मग स्कुबा. तारकर्लीला डुबकी मारून दुसऱ्या दिवशी आंबोली घाट चढणाऱ्यांनीही हे डोक्यात ठेवावं, घाट सौम्य आहे तरी. आणि त्यातल्या कोणाला सर्दी असेल तर त्याने व्हिडिओ काढायचं काम घ्यावं.

हवेतला_ससा

आता एक वेगळीच कटकट. न्यूझीलंडमध्ये अपघात झाला तर तिथली सरकारी योजना पाहुण्यांच्याही उपचारांचा बराच खर्च उचलते, पण तो तिथे घेतलेल्या उपचारांचाच. मी दुखणं घेऊन घरी आले. प्रवास विम्यात साहसी खेळांची जोड घेतली नव्हती. इथल्या मेडिक्लेमवाल्यांनी कॅशलेस अडवून पत्र पाठवलंय की इजा 'साहसी खेळातून' झाली, म्हणून दावा बसत नाही.

पॉलिसी_वाचणारा

पत्रात कलम कोणतं लिहिलंय ते बघा. भारतातल्या आरोग्य पॉलिसींत अपवादांची शब्दरचना विमा नियामकाने एकसारखी करून दिलेली आहे, त्यात कोड ०९ हा धोकादायक आणि साहसी खेळांचा. स्कायडायव्हिंगचं नाव त्यात आहे, पण त्या वाक्यात 'व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यास' असा शब्दप्रयोग आहे. पैसे भरून इन्स्ट्रक्टरला बांधून एकदा उडी मारणारा पर्यटक व्यावसायिक नाही. हे वाक्य अधोरेखित करून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या, टँडमची पावती जोडा, ज्यावर तुम्ही ग्राहक आहात हे दिसतं. तिथे नाही झालं तर विमा लोकपाल, त्याला फी लागत नाही. डिस्चार्ज कार्डवर काय लिहिलंय?

हवेतला_ससा

'टँडम स्कायडायव्हिंगनंतर' असं लिहिलंय. पावती नवऱ्याच्या मेलमध्ये आहे, शोधायला लावते. पत्रात कोड ०९च आहे.

पॉलिसी_वाचणारा

मग मसुदा व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. डिस्चार्ज कार्डातला शब्द बदलून घ्यायच्या फंदात पडू नका, तोच तुमच्या बाजूने आहे.